ऑक्टोबर ते मार्च : विषाणूचे नवे रूप आणि उशिरा लागलेली चाहूल



ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील रुग्णांकडून घेतलेल्या काही नमुन्यांत कोविडच्या विषाणूचे एक नवे कूळ हजर होते, आणि त्या कुळाच्या खुणांविषयी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशाला जाहीरपणे सांगितले ते २४ मार्च २०२१ रोजी. या दोन घटनांच्या मध्ये पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत दिवाळी झाली, लग्नसराई झाली, हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, मुंबईची लोकल पुन्हा सर्वांसाठी धावू लागली, आणि साथ सरली असे मानून महाराष्ट्र कामाला लागला. पुढे ‘डेल्टा’ या नावाने साऱ्या जगाला माहीत झालेले विषाणूचे रूप याच काळात राज्यात हातपाय पसरत होते. विषाणूची नवी रूपे कशी जन्मतात आणि कशी पसरतात हा आजच्या व्याख्यानाचा विषय असला, तरी त्याचा गाभा या पाच महिन्यांत आहे. विषाणूचे बदलणे पूर्णपणे थांबवणे माणसाच्या हाती नाही. बदललेला विषाणू वेळेवर ओळखणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते, आणि महाराष्ट्रात नेमके तेच घडले नाही, हे येथे मांडायचे आहे.

तीन प्रश्न क्रमाने घ्यावे लागतील. विषाणू का बदलतो? बदललेल्या असंख्य रूपांपैकी एखादेच का फोफावते? आणि ते फोफावत असताना दिसत का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने बरीचशी दिलेली आहेत, त्यामुळे त्यांना आवश्यक तेवढाच वेळ देऊन तिसऱ्यापाशी अधिक थांबणे योग्य होईल. कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत सापडत नाही, ते प्रशासनात, पैशांत आणि समाजाच्या वृत्तीतही शोधावे लागते.

कोविडच्या विषाणूची सारी आनुवंशिक माहिती ‘आरएनए’ नावाच्या एकाच साखळीत साठवलेली असते. ही साखळी चार प्रकारच्या रासायनिक एककांची बनलेली असून तिची लांबी सुमारे ३०,००० एकके आहे; या एककांना सोयीसाठी अक्षरे म्हटले जाते. विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. तो माणसाच्या पेशीत शिरतो, पेशीचीच यंत्रणा ताब्यात घेतो आणि तिच्याकडून आपल्या साखळीच्या असंख्य प्रती काढून घेतो. प्रत काढताना एखादे अक्षर चुकते, गळते किंवा जादा पडते. याच चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. करोना कुळातील विषाणूंकडे काढलेली प्रत तपासणारे एक विकर असते, म्हणून फ्लूच्या विषाणूपेक्षा त्यांच्या प्रतींत चुका कमी राहतात. तरीही साथीच्या पहिल्या वर्षात एका वंशरेषेत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहत होते, असे जगभरच्या नमुन्यांच्या तुलनेतून दिसून आले. यांतले बहुतेक बदल निरर्थक असतात, कित्येक तर विषाणूलाच मारक ठरतात.

मग चिंता कशाची? चिंता संख्येची. एका रुग्णाच्या शरीरात विषाणूच्या अब्जावधी प्रती तयार होतात, आणि असे रुग्ण एकाच वेळी लाखांनी असतात. जितके संसर्ग, तितक्या चुकीच्या संधी. जितक्या चुकीच्या संधी, तितकी एखादी चूक विषाणूला उपयोगी पडण्याची शक्यता अधिक. संसर्ग रोखणे म्हणजे केवळ आजचे रुग्ण वाचवणे नव्हे, तर उद्या जन्मू शकणाऱ्या नव्या रूपाच्या संधी कमी करणे होय, हा विचार २०२० मध्ये सार्वजनिक चर्चेत जेवढा यायला हवा होता तेवढा आला नाही. त्यातही एक प्रकारचा संसर्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी, कर्करोगाच्या उपचारांनी किंवा उपचार न झालेल्या एचआयव्हीमुळे क्षीण झालेली असते, अशांच्या शरीरात विषाणू आठवड्यांऐवजी महिनोन्‌महिने राहू शकतो. तेथे त्याला अर्धवट प्रतिकाराशी दीर्घकाळ झुंजावे लागते आणि एकामागून एक अनेक बदल साठवता येतात. अल्फा आणि ओमिक्रॉन या रूपांत एकदम दिसलेली बदलांची मोठी संख्या अशा दीर्घ संसर्गातून आली असावी, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. अशा रुग्णांना लस, औषधे आणि नियमित तपासणी यांत अग्रक्रम देणे ही म्हणूनच साऱ्या समाजाच्या सुरक्षिततेची बाब ठरते.

बदल आणि निवड या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक पुस्तकाविना समजतो. डाऊनी या रोगावर एकाच गटातले बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारले, तर काही काळाने त्या औषधाला न जुमानणारी बुरशी मागे उरते आणि बागेत तीच माजते. औषधाने ती निर्माण केलेली नसते, ती थोड्या प्रमाणात आधीच असते, औषधाने बाकीची बुरशी हटवून तिला मोकळी जागा करून दिलेली असते. लोकांच्या शरीरात पूर्वीच्या संसर्गाने तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून त्याला चिकटणारी संरक्षक प्रथिने, विषाणूच्या बाबतीत हेच काम करतात. यावरून कोणी असा निष्कर्ष काढतात, की लसीकरणामुळेच नवी रूपे आली. तो निष्कर्ष तारखांपुढे टिकत नाही. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, आणि डेल्टाचे कूळ त्याआधी तीन महिने येथील नमुन्यांत हजर होते. अल्फा, बीटा व गॅमा ही रूपेही लस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ब्रिटन, दक्षिण आफ्रिका व ब्राझील येथे दिसली होती. या रूपांना वाट मिळाली ती लसीमुळे नव्हे, मोकाट संसर्गामुळे.

आता दुसरा प्रश्न. असंख्य रूपांतून एखादेच का पुढे सरते? विषाणूच्या पृष्ठभागावर जे काट्यांसारखे दिसते, ते ‘स्पाइक’ नावाचे प्रथिन होय. ते १,२७३ अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि माणसाच्या पेशीवरील एसीई-२ या ग्राहकाला चिकटून विषाणूला आत शिरण्याची वाट करून देते. बहुतेक लसींचा रोख याच प्रथिनावर, शरीराच्या सर्वांत प्रभावी प्रतिपिंडांचा रोखही याच प्रथिनावर. म्हणून येथे झालेला बदल विषाणूला सर्वाधिक लाभाचा ठरू शकतो. या बदलांची नावे लिहिण्याची पद्धत सरळ आहे : आधीचे अमिनो आम्ल, त्याचे स्थान आणि नंतरचे अमिनो आम्ल. ‘डी ६१४ जी’ म्हणजे ६१४व्या स्थानी ‘डी’च्या जागी ‘जी’. हा पहिला मोठा बदल २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत पसरला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्व जगात तोच उरला. विषाणू अधिक पसरणारे रूप धारण करू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. त्या इशाऱ्याकडे प्रयोगशाळांबाहेर कोणी फारसे लक्ष दिले नाही.

डेल्टात, म्हणजे बी.१.६१७.२ या रूपात, तीन बदल विशेष महत्त्वाचे होते. ‘एल ४५२ आर’ आणि ‘टी ४७८ के’ हे दोन बदल ग्राहकाला चिकटणाऱ्या भागात होते, आणि त्यांतील पहिल्यामुळे काही प्रतिपिंडांची पकड ढिली झाली. तिसरा, ‘पी ६८१ आर’, स्पाइक प्रथिन जेथे कापले जाऊन पेशीत शिरण्यास सज्ज होते त्या जागेजवळ होता. त्यामुळे ती कापणी अधिक सहज होऊ लागली आणि विषाणूचा पेशींतील प्रसार वेगावला. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला थोडी हुलकावणी : हे दोन्ही गुण एकत्र आले.

वेगाचे महत्त्व आकड्यांतूनच नीट कळते. समजा, एका रुग्णापासून सरासरी दीड जणांना लागण होते आणि लागणीचा एक फेरा पाच दिवसांचा आहे. महिनाभरात सहा फेरे होतात आणि एका रुग्णामागे सहाव्या फेरीत सुमारे ११ नवे रुग्ण निघतात. आता दीडाच्या जागी दोन धरा. सहाव्या फेरीत ६४. रोग तेवढाच गंभीर राहिला, मृत्यूचे प्रमाणही तेच राहिले, तरी महिन्याअखेर खाटा, प्राणवायू आणि परिचारिका यांची गरज जवळपास सहापट होते. यात रोग अधिक गंभीर झाला तर काय, हे वेगळे सांगायला नको. आणि डेल्टाच्या बाबतीत अल्फाच्या तुलनेत रुग्णालयात दाखल होण्याचा धोकाही अधिक असल्याचे ब्रिटनमधील नोंदींतून पुढे दिसले.

ब्राझीलमधील मनाउस या शहराचा दाखला येथे द्यायला हवा. ऑक्टोबर २०२० पर्यंत त्या शहरातील सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना लागण होऊन गेली असावी, असा अंदाज रक्तपेढीतील नमुन्यांवरून मांडला गेला होता. आता तेथे साथ परतणार नाही, असे अनेकांना वाटले. जानेवारी २०२१ मध्ये तेथेच गॅमा रूपाची भीषण लाट आली आणि रुग्णालयांतील प्राणवायू संपला. ही बातमी जगभर गेली. भारतातही आली. ती येथे वाचली गेली, पण येथे लागू आहे असे मानले गेले नाही.

भारताची स्थिती तर मनाउसपेक्षा अधिक उघडी होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या देशव्यापी रक्तपाहणीत, म्हणजे डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये, सुमारे २१ टक्के लोकांतच प्रतिपिंडे आढळली होती. त्याआधी, जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांच्या झोपडपट्ट्यांत हे प्रमाण ५७ टक्के निघाले होते, आणि तोच आकडा लोकांच्या मनात घर करून बसला. वस्तीवस्तीत, जिल्ह्याजिल्ह्यांत केवढा फरक होता! देशातील पाचांपैकी जवळजवळ चार जण असुरक्षित असताना रुग्णसंख्या उतरली, त्या उताराला सामूहिक प्रतिकारशक्ती असे नाव दिले गेले, आणि त्या नावाखाली सावधगिरी सोडली गेली.

येथून तिसरा प्रश्न सुरू होतो. नवे रूप का दिसले नाही?

विषाणूचे रूप ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग : नमुन्यातील विषाणूची साखळी अक्षर न्‌ अक्षर वाचून काढणे आणि आधीच्या साखळ्यांशी ताडून पाहणे. भारताकडे ही विद्या नव्हती असे मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या एनआयव्हीने, केरळमधील पहिल्या रुग्णांच्या विषाणूची साखळी २०२० च्या आरंभीच वाचली होती आणि मार्चमध्ये तो विषाणू प्रयोगशाळेत वाढवूनही दाखवला होता. विद्या होती, माणसे होती. सातत्याने, ठरावीक प्रमाणात, सर्व जिल्ह्यांतून नमुने येत राहतील अशी व्यवस्था नव्हती. ती उभारण्याचा निर्णय झाला डिसेंबर २०२० च्या अखेरीस, ‘इन्साकॉग’ या दहा राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या जाळ्याच्या रूपाने, आणि तोही ब्रिटनमध्ये अल्फा रूप सापडल्यावर. एकूण बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षातले काम बरेच महिने त्या उद्दिष्टाच्या खूप खाली राहिले.

या निर्णयाच्या वेळेतच एक मोठा दोष दडलेला होता. सारी नजर विमानतळांवर लागली होती. ब्रिटनची विमाने २२ डिसेंबरच्या रात्रीपासून थांबवण्यात आली, नोव्हेंबरच्या अखेरीपासून तेथून आलेल्या प्रवाशांच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून त्यांचा शोध घेतला गेला, त्यांचे नमुने आधी वाचले गेले. हे करणे चूक नव्हते. एवढेच करणे चूक होते. नवे रूप परदेशातूनच येईल, या गृहीतकामुळे देशाच्या अंतर्भागात, विदर्भात, वाढत असलेल्या रूपाकडे पाठ राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ येथील रुग्णसंख्या अचानक चढली आणि महिन्याच्या अखेरीस अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. त्या वेळी चर्चा कसली होती? परदेशी रूप तेथे सापडले की नाही, याची. ते सापडले नाही, म्हणून काहीसा निःश्वास टाकला गेला. पण परदेशी रूप नाही याचा अर्थ नवे रूप नाही असा होत नाही, एवढा साधा तर्क निर्णयाच्या जागी पोहोचला नाही. हाच त्या पाच महिन्यांचा सर्वांत महागडा क्षण होता.

यात तांत्रिक अडचणही होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष देणे अन्यायाचे होईल. अल्फा रूपात स्पाइकच्या जनुकातील एक छोटा तुकडा गळालेला होता. त्यामुळे काही आरटी-पीसीआर संचांत तीन खुणांपैकी एक खूण उमटत नसे, आणि साखळी न वाचताच संशय घेता येई. डेल्टात हा तुकडा शाबूत होता. नेहमीच्या चाचणीत तो जुन्या विषाणूसारखाच दिसे. म्हणजे ज्या रूपाची आपोआप चाहूल लागणे शक्य होते त्याची लागली, आणि ज्याच्यासाठी मुद्दाम पाहावे लागत होते ते पाहणारे डोळे अपुरे पडले.

२४ मार्चच्या निवेदनात मंत्रालयाने सांगितले, की १०,७८७ नमुन्यांपैकी ७७१ नमुन्यांत आधीच ज्ञात असलेली चिंताजनक रूपे आढळली, त्यांतील ७३६ ब्रिटनमधील रूपाची; आणि महाराष्ट्रातील नमुन्यांत ‘ई ४८४ क्यू’ व ‘एल ४५२ आर’ हे दोन बदल एकत्र असण्याचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढून १५ ते २० टक्क्यांवर गेले होते. वृत्तपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. दोनच बदल असल्याचा समज त्यातून पसरला, तो चुकीचा होता. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जगभर पसरलेल्या डेल्टात ‘ई ४८४ क्यू’ हा बदल नव्हताच. ती जोडी डेल्टाच्या भावंडाची, पुढे ‘कप्पा’ म्हटल्या गेलेल्या बी.१.६१७.१ ची खूण होती. इशारा दिला गेला तो एका भावंडाच्या खुणेवरून, आणि वेग घेतला दुसऱ्याने. ठरावीक खुणांची यादी हातात घेऊन शोध घेतला, की यादीबाहेरचे निसटते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

तोपर्यंत नाशिकचे काय झाले होते? २६ ते २८ मार्चला येथे भरणारे ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढे ढकलावे लागले होते. मार्चच्या अखेरीस देशात सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची जी यादी केंद्राने जाहीर केली, तिच्यातील आठ जिल्हे महाराष्ट्राचे होते आणि त्यांत नाशिक होते. शहराच्या बाजारपेठांत गर्दी आवरण्यासाठी माणशी पाच रुपयांचे तिकीट काढून तासभरच प्रवेश देण्याची व्यवस्था करण्यात आली. पाच रुपये आणि एक तास! जे रूप शहरात शिरून आठवडे लोटले होते, त्याच्याशी लढण्यासाठी प्रशासनाच्या हाती त्या घडीला असली साधने उरली होती. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या मृत्यूंचे तात्कालिक कारण टाकीची गळती हे होते, याविषयी वाद नाही. परंतु कृत्रिम प्राणवायूवर जगणारी इतकी माणसे एकाच वेळी एकाच इमारतीत का आली होती, हा प्रश्न टाकीपाशी थांबत नाही. तो दीड आणि दोन यांतील त्या फरकापर्यंत, आणि त्याही मागे फेब्रुवारीतल्या अमरावतीपर्यंत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने १० मे रोजी बी.१.६१७ या मूळ कुळाला चिंताजनक रूपांत गणले आणि ३१ मे रोजी ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती मुख्यतः ‘भारतीय रूप’, ‘ब्रिटिश रूप’ असे देशांवर ठपके ठेवणारे शब्द मागे पडावेत म्हणून. जुलैपर्यंत डेल्टा शंभराहून अधिक देशांत पोहोचला होता. आणि ऑगस्टमध्ये, लाट ओसरल्यावर, नाशिक जिल्ह्यातून पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांपैकी ३० जणांत डेल्टा असल्याचे जाहीर झाले. त्यांतले बहुतेक ग्रामीण तालुक्यांतले होते. जिल्ह्याची ज्याने राखरांगोळी केली त्याची ओळख जिल्ह्याला अशी मागाहून मिळाली. शास्त्राच्या दृष्टीने ती नोंद मोलाची आहे. ज्याला त्या ओळखीवरून खाटा मांडायच्या होत्या, प्राणवायूची मागणी नोंदवायची होती, त्याच्या ती कामाची नव्हती.

नवे रूप जेथे प्रथम दिसते तेथेच ते जन्मले असेल असे नाही. ते तेथे दिसले याचा अर्थ तेथे कोणीतरी पाहत होते. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमिक्रॉनची माहिती जगाला दिली, नमुने गोळा झाल्यापासून अवघ्या काही आठवड्यांत. दोन दिवसांत त्या रूपाला नाव मिळाले आणि दक्षिण आफ्रिकेला विमानबंदी मिळाली. पुढे नेदरलँड्समधील त्याआधीच्या नमुन्यांतही तेच रूप सापडले. खरे बोलणाऱ्या देशाला शिक्षा होते हे पाहिल्यावर पुढच्या वेळी कोण लवकर बोलेल? हाच प्रश्न जिल्ह्यांनाही लागू आहे. नमुने अधिक पाठवले की आकडे वाढतात, आकडे वाढले की जाब विचारला जातो, हे ज्या अधिकाऱ्याने एकदा अनुभवले तो पुढे नमुने पाठवताना हात आखडता घेईल. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राचे आकडे अनेक राज्यांपेक्षा मोठे दिसले, त्यात येथील मोठ्या प्रादुर्भावाबरोबर येथे होणाऱ्या नोंदींचाही वाटा होता, आणि त्याबद्दल राज्याला शाबासकीपेक्षा टीकाच अधिक ऐकावी लागली.

ओमिक्रॉनच्या बाबतीत महाराष्ट्राची नजर अधिक सावध होती. पुढे ढकललेले साहित्य संमेलन अखेर ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात नाशिकच्या आडगावला भरले, वैज्ञानिक जयंत नारळीकर त्याचे अध्यक्ष होते, आणि संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी, ४ डिसेंबरला, कल्याण-डोंबिवलीत राज्यातील पहिला ओमिक्रॉनबाधित आढळल्याचे जाहीर झाले. एका रूपाने लांबवलेले संमेलन दुसऱ्या रूपाच्या आगमनात पार पडले. स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल असलेल्या या रूपाने प्रतिपिंडांना मोठ्या प्रमाणावर चकवले, रुग्ण झपाट्याने वाढले. मृत्यू मात्र डेल्टाच्या तुलनेत कमी झाले. त्यानंतरच्या रूपांचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दोन उपरूपांच्या साखळ्या एकाच शरीरात मिसळून बनलेले एक्सबीबी २०२२ मध्ये आले, त्याच्या वंशातील एक्सबीबी.१.१६ ने २०२३ च्या आरंभी भारतात डोके वर काढले, आणि त्याच वर्षी लक्झेंबर्गमध्ये प्रथम नोंदलेल्या जेएन.१ चा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण डिसेंबरमध्ये सिंधुदुर्गात आढळला.

या घटत्या तीव्रतेवरून एक समज रूढ झाला आहे, की विषाणू काळानुसार सौम्यच होत जातो. तो समज धोक्याचा आहे. कोविडचा रुग्ण गंभीर होण्यापूर्वीच, पहिल्या काही दिवसांत, इतरांना लागण देऊन मोकळा झालेला असतो. त्यामुळे नंतर तो वाचला की दगावला, याने विषाणूच्या प्रसाराला फारसा फरक पडत नाही, आणि सौम्य होण्याचे कोणतेही बंधन विषाणूवर राहत नाही. डेल्टा आधीच्या रूपांपेक्षा सौम्य नव्हता. ओमिक्रॉनची तीव्रता मुळात काहीशी कमी असली, तरी मृत्यू घटण्याचे मोठे श्रेय लसीकरणाला आणि आधी होऊन गेलेल्या संसर्गांतून आलेल्या प्रतिकाराला आहे. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या रक्तपाहणीत प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले होते. हा प्रतिकार लसीने मिळाला तेथे तो स्वस्तात मिळाला. संसर्गाने मिळाला तेथे त्याची किंमत घराघरांनी मोजली.

आता नाशिकपुरते. मुंबई-आग्रा महामार्ग या जिल्ह्याच्या मधून जातो. लासलगावच्या कांद्याच्या मालमोटारी देशभर जातात. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठचे मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात आणि परततात. मालेगावच्या यंत्रमागांवर दाटीच्या वस्तीत काम चालते. राज्यातील एखादे नवे रूप येथे पोहोचण्यास फार वेळ लागणार नाही, आणि पोहोचले तर ते आधी जिल्हा रुग्णालयात दिसेल अशी खात्री नाही. ते एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील ताप-खोकल्याच्या नोंदीत असेल. म्हणून नमुने केवळ शहरातून आणि केवळ प्रवाशांकडून घेण्याची रीत सोडून प्रत्येक तालुक्यातून दर आठवड्याला थोडे, पण न चुकता, घेतले पाहिजेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. क्रमनिर्धारणाची सोय आणि त्यातले प्रशिक्षण जिल्ह्यातच उभे करण्यासाठी याहून योग्य जागा दुसरी कोणती असेल?

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. कोविडबाधिताच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात. लक्षणे नसलेल्याच्या, चाचणी न केलेल्याच्या, चाचणीला घाबरणाऱ्याच्याही. मलनिस्सारण केंद्रात आलेले पाणी तपासले, तर त्या भागात कोणते रूप कोणत्या प्रमाणात आहे हे कोणाच्याही नाकात काडी न घालता कळते, आणि बहुधा रुग्णालये भरण्याच्या आधी कळते. पुण्यातील संशोधकांनी ही पद्धत वापरून दाखवली आहे. नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे केंद्रे आहेत, म्हणजे वेगळी इमारत बांधण्याचाही प्रश्न नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०२७ मध्ये होतील. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लाखो माणसे काही आठवड्यांसाठी गोदाकाठी येतील, साधुग्राम तपोवनातच वसेल, आणि एवढ्या माणसांची स्वतंत्र चाचणी करणे कोणत्याही यंत्रणेला शक्य होणार नाही. तपोवनच्या केंद्रातून आठवड्यातून दोनदा पाण्याचा नमुना घेणे मात्र शक्य आहे. तो सिंहस्थाच्या किमान वर्षभर आधीपासून घ्यावा लागेल, कारण नेहमीची पातळी ठाऊक असल्याशिवाय वाढ ओळखता येत नाही. त्याचा निकाल आठवड्याच्या आत महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागांच्या हाती पडावा लागेल. आणि तो निकाल, चांगला असो वा वाईट, त्याच दिवशी लोकांसमोर ठेवावा लागेल.